घरी बांधायच्या अल्ट्रालाइट विमानासाठी विश्वासार्ह आराखडे कसे निवडावेत

अल्ट्रालाइट, म्हणजे अतिशय हलके छोटे विमान, स्वतःच्या हातांनी बांधायचे ठरवले की पहिला मोठा निर्णय आराखड्यांचा असतो. इंजिन पुढे बदलता येते, कापड पुन्हा चढवता येते, चुकलेली रिब (पंखाला आकार देणारी फासळी) टाकून दुसरी करता येते. पण आराखडाच सदोष असेल तर कितीही सफाईदार काम केले तरी तो दोष विमानात उतरतो. स्कॅन केलेल्या जुन्या पानांपासून ते मोठ्या कागदांवरील तपशीलवार संचांपर्यंत सर्व काही आज ‘प्लॅन्स’ या एकाच नावाने मिळते, आणि नवख्या माणसाला त्यांतील फरक चटकन कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की आराखड्याची पारख कागदाच्या देखणेपणावरून करू नये. त्या कागदांवरून अनोळखी लोकांनी बांधलेली विमाने किती वर्षे आणि कशी उडत आहेत, यावरून ती करावी. पुढील पायऱ्या या मतावरच आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: कोणत्या नियमाखाली उडायचे ते ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, परंतु आराखड्यांची यादी येथेच निम्म्याने कमी होते. बहुतेक अल्ट्रालाइट आराखडे अमेरिकेत तयार झालेले आहेत आणि तेथील 1982 च्या ‘पार्ट 103’ या नियमाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. या नियमानुसार इंजिन असलेले अल्ट्रालाइट एकाच व्यक्तीसाठी आणि केवळ छंद किंवा खेळ म्हणून वापरायचे असते. त्याचे रिकामे वजन 254 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 115 किलोंपेक्षा कमी, इंधनाची टाकी 5 गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटरपर्यंत, पूर्ण शक्तीवरचा सपाट उड्डाणातील वेग 55 नॉटपर्यंत आणि इंजिन बंद असतानाचा स्टॉलचा (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो) वेग 24 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 44 किलोमीटर असावा लागतो. या चौकटीत बसणाऱ्या विमानाला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवाना लागत नाही. चौकटीबाहेरचे किंवा दोन आसनांचे विमान तेथे ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवावे लागते आणि बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी बांधकाऱ्यांनी केले असल्याचे दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये 2014 पासून 300 किलो कमाल वजनापर्यंतच्या एक आसनी मायक्रोलाइटला (तेथे अशा हलक्या विमानांना हे नाव आहे) उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र चालकाचा परवाना तेथे लागतोच.

भारतात ‘पार्ट 103’ सारखी मोकळीक नाही. येथे छोट्यात छोटे इंजिनचे विमानही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांखाली येते, आणि त्याच्या मुळाशी असलेला 1934 चा कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे उदाहरण मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांचे विमान फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तर त्याची नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये झाली. ते अल्ट्रालाइट नव्हे, तरी येथे बांधणीइतकेच कागदपत्रांना महत्त्व असते, हे त्यावरून ध्यानात यावे. म्हणून भारतात बांधणार असाल तर आराखडे विकत घेण्यापूर्वीच महासंचालनालयाकडे लेखी विचारणा करावी, आणि ज्या आराखड्यासोबत बळांची गणिते व चाचण्यांचे अहवाल मिळत नाहीत तो यादीतून काढून टाकावा. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांचा मार्ग बराच सोपा आहे. पुढील मजकूर मात्र सर्वांना सारखाच लागू होतो.

दुसरी पायरी: उडणारी विमाने शोधा

एखादा आराखडा आवडला की तो बाजूला ठेवावा आणि त्यावरून बांधलेल्या विमानांचा शोध घ्यावा. रचनाकाराने स्वतः बांधून उडवलेले एकच विमान हा पुरेसा पुरावा नव्हे. तो आपल्या विमानाचा स्वभाव ओळखून असतो, त्याचे वजनही बहुधा त्या विमानाला साजेसे असते, आणि कागदावर न उतरलेल्या कित्येक गोष्टी त्याच्या हाताला ठाऊक असतात. आराखड्याची खरी परीक्षा त्याला कधीही न भेटलेला माणूस केवळ कागद वाचून विमान बांधतो तेव्हा होते.

या बाबतीत फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या ‘पू-दु-सिएल’ विमानाचा इतिहास प्रत्येक नवख्याने वाचावा असे मला मनापासून वाटते. 1933 मध्ये उडालेले हे एचएम-14 विमान सुतारकाम येणाऱ्या कोणालाही बांधता येईल असे होते. मिन्ये यांनी त्याची कृती प्रसिद्ध केल्यावर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये शेकडो लोक कामाला लागले. मिन्ये स्वतः ते उत्तम उडवीत. पुढे प्राणघातक अपघात होऊ लागले, तेव्हा 1936 च्या सुमारास ब्रिटनमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मुदाँ येथे पूर्ण आकाराचे विमान वायुबोगद्यात तपासले गेले. पुढचा पंख मागच्या पंखाच्या फार जवळ असल्यामुळे विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की दोन पंखांमधील हवेचा प्रवाह मागच्या पंखाची उचल वाढवी, आणि चालकाने दांडा ओढला तरी नाक वर येत नसे, असे त्या तपासणीत आढळले. हा दोष कोणत्याही बांधकाऱ्याच्या कौशल्याचा नव्हता, तो आराखड्यातच होता. मिन्ये यांनी नंतरच्या रचनांमध्ये तो दूर केला, परंतु मधल्या काळात ज्यांनी मूळ कृतीप्रमाणे प्रामाणिकपणे बांधले त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले.

उडणाऱ्या विमानांची माहिती मिळवताना एक अडचण येते. अमेरिकेत नोंदणी झालेल्या विमानांची यादी एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेकडे आणि अपघातांचे अहवाल एनटीएसबी या अपघात तपास संस्थेकडे सर्वांना खुले असतात. पण ‘पार्ट 103’ खालील विमानांची नोंदणीच होत नसल्यामुळे तेथे त्यांचा माग फारसा लागत नाही. अपघाताची नोंद सापडली नाही म्हणजे अपघात झालेच नाहीत, असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी एकाच रचनेची नोंदणी करून उडवलेली विमानेही शोधावीत, कारण थोडे जास्त वजन झाल्यामुळे पुष्कळ लोक अल्ट्रालाइट रचना ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवतात. ब्रिटनमधील लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था आपल्या अभियंत्यांकडून हौशी बांधणीच्या रचना तपासून घेते आणि मान्य केलेल्या प्रकारांची माहितीपत्रके प्रसिद्ध करते. एखादी रचना त्या यादीत असेल तर तिच्यात कोणते बदल सक्तीचे केले गेले, तेही त्या पत्रकात वाचायला मिळते. माझ्या दृष्टीने असे पत्रक विक्रेत्याच्या रंगीत माहितीपुस्तिकेपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

बांधकाऱ्यांशी बोलताना ‘विमान कसे आहे’ असे विचारू नये, कारण स्वतःच्या विमानाला वाईट म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. रिकामे वजन तराजूवर किती भरले, गुरुत्वमध्य कुठे आला, आराखड्यातील कोणत्या पानावर चूक सापडली, कोणता भाग पुन्हा करावा लागला, किती तास उड्डाण झाले आणि त्यात काय तुटले किंवा वाकले, हे प्रश्न विचारावेत. तीन निरनिराळ्या बांधकाऱ्यांची विमाने जाहिरातीपेक्षा बरीच जड झाली असतील तर तुमचेही होणार, असे धरून चालावे.

नवख्यांनी ज्या रचनांपासून शोध सुरू करावा अशी काही नावे सांगता येतील. लेनर्ड मिलहॉलंड यांचे ‘लीगल ईगल’ हे 4130 पोलादाच्या वेल्ड केलेल्या नळ्यांचे आहे आणि ते फोक्सवॅगनचे चार सिलिंडरांचे इंजिन कापून केलेल्या दोन सिलिंडरांच्या इंजिनावर उडते. वेन आयसन यांचे ‘मिनी-मॅक्स’ लाकडी आहे. ‘हमेल अल्ट्राक्रूझर’ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि रिव्हेटचे आहे. या तिघांपैकी कोणते घ्यावे हे तुमच्या हाताला कोणते काम येते यावर ठरवावे. वेल्डिंग कधी न केलेल्या माणसाने केवळ रूप आवडले म्हणून पोलादी सांगाडा निवडू नये.

तिसरी पायरी: संचात काय आहे ते तपासा

चांगला विक्रेता पूर्ण संचापूर्वी माहितीसंच किंवा नमुन्याची पाने देतो. ती मागावीत आणि शांतपणे वाचावीत. पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे पंखाच्या मुख्य स्पारचे (भार पेलणाऱ्या आडव्या कण्याचे) आणि त्याच्या जोडपट्ट्यांचे रेखाचित्र. प्रत्येक छिद्राचा व्यास, कडेपासूनचे अंतर, पट्टीची जाडी, नेमका मिश्रधातू व टेंपर (धातूला दिलेला कठीणपणा) आणि बोल्टचा क्रमांक तेथे असला पाहिजे. ‘योग्य जाडीची पट्टी वापरावी’ असे वाक्य जेथे आहे, तो संच तेथेच मिटून ठेवावा. लाकडी विमान असेल तर लाकडाची जात, तंतूंचा कमाल तिरकसपणा आणि गोंदाचा प्रकार लिहिलेला असावा.

त्याखालोखाल महत्त्वाचे पान वजन आणि समतोलाचे. गुरुत्वमध्याची पुढची आणि मागची मर्यादा पंखाच्या ठरावीक बिंदूपासून मोजून दिलेली असावी, चालकाच्या किमान व कमाल वजनासह नमुन्याचे गणित करून दाखवलेले असावे, आणि इंजिन बदलल्यास काय होईल याचाही उल्लेख असावा. बहुतेक साध्या रचनांमध्ये गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी जीवेच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) पुढच्या टोकापासून 25 ते 30 टक्क्यांच्या आसपास असतो. मागची मर्यादा ओलांडलेले विमान स्टॉलमधून बाहेर काढणे कठीण, कधी अशक्य होते. त्यामुळे ज्या संचात ही मर्यादाच दिलेली नाही तो बांधण्याच्या लायकीचा नाही असे मी समजतो.

तिसरी बाब बळाची. रचना किती ‘जी’ साठी, म्हणजे वजनाच्या किती पट भारासाठी, आहे आणि ते कसे सिद्ध केले, हे विचारावे. समजा, चालक, इंधन आणि विमान मिळून वजन 210 किलो आहे आणि मर्यादा भार 4 जी आहे. म्हणजे पंखांनी 840 किलोंचा भार कायमची वाकण न येता पेलला पाहिजे. आणि प्रचलित 1.5 चा सुरक्षा गुणक धरला तर 6 जी, म्हणजे 1,260 किलोंपर्यंत ते मोडता कामा नयेत. हे केवळ गणिताने दाखवले आहे, की पंख उलटे टांगून त्यांवर वाळूच्या पिशव्या रचून पाहिले आहे, हा फरक मोठा आहे. चाचणीची छायाचित्रे आणि पिशव्यांच्या वजनांचा तक्ता असलेला आराखडा साध्या हाताने काढलेला असला तरी मी त्यालाच पसंती देईन.

यांखेरीज नियंत्रणाच्या तारा आणि दांड्यांची मांडणी, नियंत्रण पृष्ठभागांच्या हालचालीचे अंश, साहित्याची पूर्ण यादी, बांधणीचा क्रम सांगणारी पुस्तिका आणि पहिल्या उड्डाणाच्या सूचना संचात असाव्यात.

चौथी पायरी: जाहिरातीतील आकडे स्वतः पडताळा

यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. फ्लॅप (उचल वाढवणारी मागच्या कडेची झडप) नसलेल्या साध्या पंखाचा कमाल उचल-गुणांक (पंख किती उचल देतो याचे माप) साधारण 1.5 धरला, तर समुद्रसपाटीवर स्टॉलचा वेग ताशी किलोमीटरमध्ये काढण्याचे सोपे सूत्र असे: एकूण वजन किलोमध्ये घ्यावे, त्याला पंखाच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 11.8 ने गुणावे. 230 किलो वजन आणि 12 चौरस मीटर पंख असतील तर उत्तर सुमारे 52 येते. त्याच वजनाला 9 चौरस मीटरचा पंख देऊन ‘स्टॉल 40’ असे कोणी लिहिले असेल तर ते शक्य नाही, कारण गणित 60 च्या जवळ जाते. जो विक्रेता या आकड्यात अतिशयोक्ती करतो त्याच्या बळाच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवणार नाही. ‘पार्ट 103’ ची 44 किलोमीटरची मर्यादा गाठायची तर दर चौरस मीटरला सुमारे 14 किलोंपेक्षा अधिक भार चालत नाही, आणि म्हणूनच खऱ्या अल्ट्रालाइटचे पंख इतके मोठे दिसतात.

आकडे पडताळताना आपली धावपट्टी विसरू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, तेथील हवा मुळातच साधारण 5 टक्के विरळ असते, आणि 38 अंशांच्या दुपारी ती सुमारे 13 टक्के विरळ होते. पंखाची उचल, प्रॉपेलरचा ओढा आणि इंजिनाची शक्ती एकाच वेळी घटते. थंड प्रदेशात समुद्रकाठी मोजलेले उड्डाणाचे अंतर दख्खनच्या पठारावर तसेच्या तसे मिळणार नाही.

पाचवी पायरी: साहित्य मिळेल का, आणि तेच मिळेल का

अमेरिकी आराखडे इंचांत असतात आणि त्यांतील नळ्यांची मापे विचारपूर्वक निवडलेली असतात. 0.058 इंच जाडीच्या भिंतीची 1 इंची नळी घेतली तर तिच्या आत 7/8 इंचाची नळी बरोबर सरकते, म्हणून सांध्यांना आतून अस्तर देता येते. येथील बाजारात मिळणाऱ्या मिलिमीटरच्या नळ्यांमध्ये हा मेळ बसेलच असे नाही. ‘जवळपास तेवढीच’ नळी घेतल्याने काय होते ते पाहा: 25.4 मिलिमीटर व्यासाच्या आणि 1.47 मिलिमीटर जाडीच्या नळीऐवजी 25 मिलिमीटर व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची नळी वापरली, तर दाबाखाली वाकण्याला होणारा तिचा विरोध सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही.

मिश्रधातूचेही तसेच. बहुतेक नळीदार अल्ट्रालाइट 6061-टी6 ॲल्युमिनियमसाठी आखलेली असतात. दारे-खिडक्यांचे सेक्शन विकणाऱ्या दुकानात सहसा 6063 मिळते. 6061-टी6 कायमचे वाकू लागण्याचा ताण सुमारे 275 मेगापास्कल असतो, तर 6063-टी6 चा सुमारे 215. दोन्ही चकचकीत दिसतात आणि दोन्हींचे वजन सारखे भरते. त्यामुळे धातू बनवणाऱ्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज साहित्य स्वीकारू नये. बोल्टच्या बाबतीत विमानांसाठीच्या ‘एएन’ या अमेरिकी प्रमाणाचाच आग्रह धरावा, कारण त्यांच्या दांड्याचा आटे नसलेला भाग जोडाच्या जाडीइतका निवडता येतो आणि आट्यांवर आडवा भार येत नाही. हे सर्व आयात करण्याचा खर्च आराखडे घेण्यापूर्वीच काढावा.

इंजिनही याच हिशेबात येते. जुने आराखडे रोटॅक्स 447 किंवा 503 या दोन-स्ट्रोक इंजिनांभोवती आखलेले आहेत आणि ती इंजिने आता तयार होत नाहीत. रचनाकाराने दुसरे इंजिन मान्य केले आहे का, आणि त्यासाठी नवे माऊंट व नवे समतोलाचे गणित दिले आहे का, हे विचारून घ्यावे.

सहावी पायरी: रचनाकार आणि दुरुस्त्या

कोणताही आराखडा पहिल्या दिवशी निर्दोष नसतो. प्रश्न असा असतो की दोष सापडल्यावर तो बांधकाऱ्यांपर्यंत कोण पोहोचवतो. अमेरिकी विमान रचनाकार बर्ट रुटान यांनी 1985 मध्ये आराखड्यांची विक्री थांबवली, तरी त्यांच्या संस्थेने वार्तापत्रातून आधीच्या ग्राहकांना दुरुस्त्या कळवणे चालू ठेवले. झेनिथ कंपनीच्या सीएच 601 एक्सएल या विमानाचे पंख उड्डाणात निखळण्याचे अपघात झाले, तेव्हा एप्रिल 2009 मध्ये एनटीएसबीने ते जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली आणि त्याच वर्षअखेरीस पंख मजबूत करण्याचा व फ्लटर, म्हणजे हवेने होणारी विध्वंसक थरथर, रोखण्यासाठी एलरॉनला (विमान कलते करणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या फळीला) प्रतिवजन लावण्याचा दुरुस्तीसंच बांधकाऱ्यांना देण्यात आला. दोष गंभीर होता, पण मालकांची यादी होती, रचना सांभाळणारे लोक होते, म्हणून उपाय घरोघरी पोहोचला.

फुकट मिळालेल्या स्कॅन प्रतीला असा पाठीराखा नसतो. अधिकृत संचावर अनुक्रमांक असतो, त्यावरून सहसा एकच विमान बांधण्याचा हक्क मिळतो आणि खरेदीदाराचे नाव यादीत जाते. जुना संच दुसऱ्याकडून घेत असाल तर तो अनुक्रमांक तुमच्या नावावर करून मिळतो का, हे रचनाकाराला आधी विचारावे. रचनाकार हयात नसल्यास हक्क कोणाकडे आहेत आणि ते प्रश्नांना उत्तरे देतात का, हे एखादा साधा तांत्रिक प्रश्न पाठवून पाहावे. उत्तराला लागलेला वेळ आणि त्यातील नेमकेपणा या दोन्हींवरून पुष्कळ कळते. जुन्या रचना केवळ जुन्या म्हणून टाकून देऊ नयेत. बर्नार्ड पीटनपोल यांच्या ‘एअर कँपर’चे आराखडे 1930 च्या दशकापासून बांधले जात आहेत आणि त्यातील खाचाखोचा आज सर्वांना माहीत आहेत.

सातवी पायरी: जसा आहे तसा बांधता येईल असाच आराखडा घ्या

‘हा आराखडा चांगला आहे, फक्त पंख थोडे आखूड करीन आणि टाकी मागे नेईन’ असे मनात येत असेल, तर तो आराखडा तुमच्यासाठी नाही. गायक जॉन डेन्व्हर यांचा 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळून मृत्यू झाला, तेव्हा ते दुसऱ्याने बांधलेले रुटान यांच्या रचनेचे ‘लाँग-ईझी’ उडवीत होते. आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक चालकाच्या पायांमध्ये होता, बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवण्यासाठी मागे वळताना शेपटीवरील सुकाणूचे, म्हणजे रडरचे, उजवे पायडल दाबले जाऊन विमानावरचा ताबा गेला, असे तपासात म्हटले गेले. कॉक मागे नेण्याचा तो बदल बांधणाऱ्याला अगदी किरकोळ वाटला असणार. म्हणून स्वतःची उंची, वजन आणि गुडघ्यांना लागणारी जागा आधी मोजावी, शक्य झाल्यास बांधलेल्या विमानात प्रत्यक्ष बसून पाहावे, आणि बदल न करता जे आपल्याला बसते तेच निवडावे. आणीबाणीत संपूर्ण विमान खाली उतरवणाऱ्या पॅराशूटसाठी ‘पार्ट 103’ च्या वजनमर्यादेत स्वतंत्र सवलत मिळते. ते बसवण्याची जागा आराखड्यातच दाखवलेली असेल तर तो मोठा गुण मानावा.

आठवी पायरी: मागणी आणि पहिला भाग

संच हाती आला की लगेच स्पारचे साहित्य मागवू नये. प्रत्येक पानावरील आवृत्तीची तारीख रचनाकाराच्या ताज्या दुरुस्ती-यादीशी पडताळून पाहावी आणि दुरुस्त्या लाल शाईने मूळ पानांवर उतरवाव्यात. नंतर फक्त रडर किंवा एक-दोन रिब बांधाव्यात. एवढ्याशा कामात आराखड्याची भाषा कळते का, मापे एकमेकांशी जुळतात का आणि आपले हात या साहित्याला सरावतात का, हे थोड्या पैशांत समजते. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे तांत्रिक सल्लागार हौशी बांधकाऱ्याचे काम घरी येऊन पाहतात. इतरत्र विमान देखभालीचा परवाना असलेल्या अभियंत्याला विनंती करावी. आवरण चढवण्यापूर्वी हा पहिला भाग त्यांना दाखवावा, त्यांच्या शंका लिहून रचनाकाराला पाठवाव्यात, आणि समाधानकारक उत्तर आल्यानंतरच पंखाच्या साहित्याची मागणी नोंदवावी.